टोपीला लावलेलं तेल

माझी आई आयुष्यात बऱ्याच गोष्टींना भ्यायली. विंचवाला, इंग्रजीच्या प्रोफेसरांना, पुलावरून पाणी वाहत असताना मोटारीत बसायला. पण सगळ्यांत जास्त ती भ्यायली मला, आणि तेही मी जन्माला यायच्या आधी. हे मी गमतीनं सांगत नाही. तिनंच मला सांगितलं, मी पुण्याला युनिव्हर्सिटीत शिकत होते आणि माझं लग्न ठरलं होतं तेव्हा.

तिचं नाव दया. कोल्हारच्या याकोबची धाकटी लेक. याकोब, म्हणजे माझे आजोबा, मोटा शिवायचे. बैलांनी ओढून विहिरीतलं पाणी वर काढायची ती कातड्याची मोट. प्रवरेच्या काठच्या कितीतरी विहिरींवर त्यांच्या हातची मोट चालायची. भिंतीवर येशूची तसबीर, अंगणात ताणून ठेवलेलं कातडं आणि सगळीकडे करंजाच्या तेलाचा वास, असं ते घर. ऊन तापायच्या आत मोटांना तेल पाजायचं काम आई आणि तिची थोरली बहीण मरिया यांचं. "कातडं कोरडं पडलं की भेगाळतं, अन् भेगाळलं की मोट हिरीतच रिकामी हुती," हे आजोबांचं बोलणं आईला शास्त्रातल्या वचनांइतकंच पाठ होतं.

आईची एक खूण सांगून ठेवते. नगरच्या मिशन शाळेत शिकून तिनं आपली मराठी घासूनपुसून लख्ख करून घेतली होती. भ्याली की मात्र तिची जीभ सरळ कोल्हारला जायची. 'आहे'चं 'हाय' झालं की आम्ही घरातली माणसं ओळखायचो, काहीतरी बिनसलंय.

मरिया पहिल्या बाळंतपणात गेली. आई तेव्हा शाळेच्या सुट्टीत घरी आलेली. मरिया अडली. सुईणीनं जमेल ते सगळं केलं, पाळकांनी प्रार्थना केली, आणि शेवटी आजोबांनी गाडीत पेंढा पसरून बैल जुंपले. नगरचा दवाखाना गाठायचा होता. वाटेतली राहुरीसुद्धा आली नाही. मरियाचं डोकं आईच्या मांडीवर होतं. "दये, मला धर, मी खाली चाललीय," असं ती सारखी म्हणत होती, आणि आईनं तिला दोन्ही हातांनी धरलेलं होतं. धरूनही माणूस जातं, हे आईला त्या गाडीत कळलं. दफनाच्या वेळी पाळकांनी हव्वेच्या शापाचा, बाईनं वेदनेनंच लेकरं प्रसवावीत या वचनाचा, विषय काढला. पाळकांपुढे कधी मान वर न करणारे आजोबा मध्येच उठले आणि खड्ड्यात माती लोटायला लागले. नंतर त्यांनी ती गाडी मोडून टाकली.

पुढे आई ट्रेनिंग करून मास्तरीण झाली आणि संगमनेरच्या शांतवन मास्तरांशी तिचं लग्न झालं. हे माझे बाबा. सज्जन माणूस, जरा बोलके, तपकीर ओढणारे. त्यांच्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. पण नवरा जवळ आला की तिला पेंढ्याचा वास यायचा. हे कुणाला सांगणार? नव्या नवरीनं लाजायचं असतं, भ्यायचं नसतं. आणि भ्यायलं तरी लोक त्याला लाजणंच म्हणतात.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी नगरला कॉलेज निघालं. मिशननं फी भरायचं कबूल केलं आणि बाबांनीच आईला म्हटलं, तू जा, शीक. ती इतक्या पटकन हो म्हणाली की सगळ्या मंडळीत तिच्या विद्येच्या ओढीचं कौतुक झालं. ओढ होतीच, खोटं का बोला. पण संगमनेर आणि नगर यांच्यामध्ये जे मैल होते, त्यांचीही तिला तेवढीच ओढ होती.

मुलींची राहायची सोय मिशनच्या आवारातल्या एका जुन्या बंगल्यात होती. कॉलेजात मुलांचा नुसता बाजार आणि मुली एका बाकावर मावतील एवढ्या. बंगल्याचा कारभार हन्नाबाई नावाच्या प्रौढ कुमारिकेकडे. त्यांनी आईला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, लग्न झालेली मुलगी ठेवून घेतेय ती एका बोलीवर: दिवस राहिले की त्याच आठवड्यात ट्रंक उचलायची. इतर मुलींच्या डोळ्यांपुढे तसलं काही नको. म्हणजे आता भीतीला दोन तोंडं झाली. दिवस राहिले तर कॉलेज जाणार, आणि कॉलेजाचं दुःख करायलाही आपण उरू की नाही, हा प्रश्न वेगळाच.

बाबा शनिवारी सर्व्हिस मोटारीनं यायचे. स्टेशनाजवळ त्यांच्या मावशीचं घर होतं, तिथे दोघांनी राहायचं. आई कारणं काढायची. परीक्षा आहे, डोकं दुखतंय, उपवासाचा काळ आहे. ख्रिस्ती पंचांगात नसतील इतके उपवास तिनं त्या वर्षी पाळले. रविवारी उपासनेनंतर परत जाताना बाबांचा चेहरा उतरलेला असे. ज्या शनिवारी कारण चालायचं नाही, त्यानंतरचे दिवस आई जीव मुठीत धरून काढायची. पाळी आली की मोरीत बसून रडायची, आणि मुलींना वाटायचं पोटात दुखतंय.

हे ओळखलं पुष्पावतीनं. ती जामखेडची, हिंदू, लहानपणी लग्न झालेली. नवरा वकिलीच्या परीक्षेला बसला होता म्हणून ही शिकत होती. मुलींमध्ये या बाबतीत ती विद्वान गणली जायची, आणि तिची विद्या अशी: गाजराच्या बियांचा काढा, कच्ची पपई, लिंबाच्या रसातला बोळा आणि कमरेला एक काळा दोरा. दुसरी एक मुलगी महिन्यातले धोक्याचे दिवस कुठले ते ठासून सांगायची आणि नेमके उलटे सांगायची. बी.ए. व्हायला निघालेल्या या पोरींना रोमचा इतिहास पाठ होता. स्वतःच्या पोटात काय चालतं ते मात्र कुणी शिकवलं नव्हतं. पण पुष्पावतीला एक खरी गोष्ट माहीत होती. गावात एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या, आणि दिवस राहू नयेत म्हणून त्या 'टोपी' देत होत्या.

या बाई मुंबईत शिकलेल्या, बिनबाह्यांचं पोलकं घालणाऱ्या. गावात त्यांच्याविषयी नाही नाही ते बोललं जाई, आणि बोलणाऱ्यांच्या बायका मागच्या दारानं त्यांच्याकडेच जात. आईही मागच्या दारानंच गेली. बाईंनी तिला तपासलं, मापाची रबरी टोपी दिली, आत कशी बसवायची ते शिकवलं, बरोबर मलमाची नळी दिली. साबणाच्या कोमट पाण्यानं धुवायची, सावलीत वाळवायची, पावडर लावून डबीत ठेवायची, उजेडापुढे धरून भोक बघायचं. मग त्यांनी विचारलं, नवऱ्याला माहीत आहे ना? आई हो म्हणाली. उपवासांची कारणं सोडली, तर तिनं जन्मात बोललेल्या मोजक्या खोट्यांतलं हे पहिलं.

बाईंनी सगळं सांगितलं. फक्त तेल लावू नका, एवढं सांगितलं नाही. सांगतील तरी कशा? रबराला तेल लावणारं माणूस त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

डबी थेट तपकिरीच्या डबीसारखी दिसायची. आई ती ट्रंकेच्या तळाशी, घड्या घातलेल्या फडक्यांत ठेवायची. तिला आता झोप यायला लागली, अभ्यास सुधारला. पण चोराच्या मनात चांदणं. हन्नाबाई अधूनमधून ट्रंका तपासायच्या, आत कादंबऱ्या सापडतात का बघायला. एकदा त्यांचा हात थेट डबीवर पडला. हे काय, म्हणून त्यांनी झाकण फिरवायला घेतलं. आईच्या तोंडून निघून गेलं, "बाई, ते पाळीच्या वेळचं हाय." हन्नाबाईंना तो शब्दच सोसायचा नाही. त्यांनी डबी निखारा टाकावा तशी टाकली आणि ट्रंक बंद केली.

मग मे महिना आला आणि आई सुट्टीला संगमनेरला गेली. ऊन असं की घराची दारं तडकत होती. डबी उघडली की टोपी पांढरीफटक, कोरडी दिसायची. ती पावडर होती. पण आईला ते कोरडेपण दिसलं. तिनं बोटांनी दाबून बघितलं, तेव्हा कडेला बारीक रेघ असल्यासारखं वाटलं. मग तिच्या डोक्यात दुसरं काही येईना. कोरडं पडलं की भेगाळतं. विचारायचं कुणाला? डॉक्टरीणबाई नगरला. आजोबांना बापजन्मात विचारता येणार नव्हतं. आणि बाबांना विचारायचं तर आधी सगळंच सांगावं लागलं असतं.

बाबा बाजारात गेल्यावर तिनं फडताळातून करडईच्या तेलाची बाटली काढली. करंजाचं मोटेला बरं, पण त्याचा वास लपला नसता. वाटीत थोडं तेल घेतलं आणि अंगठ्यानं गोल गोल जिरवलं, हात सैल सोडून, मोटेला पाजायची तसं. हाताला सगळं येत होतं. रबर तेल प्यायलं. मऊ झालं, त्याच्यावर तकाकी आली, ती रेघही दिसेना. आई सांगायची, किती महिन्यांनी तिला गार वाटलं. आजोबांची विद्या कामाला आली. त्या सुट्टीत ती टोपी वापरत राहिली आणि न चुकता तेल पाजत राहिली. बाबा खूश होते. उपवास संपले होते.

जूनमध्ये ती बंगल्यावर परतली. शनिवारी बाबा येणार म्हणून खोलीत कुणी नसताना तिनं डबी उघडली. टोपी डबीला चिकटली होती. ओढून काढली तर कड फुगलेली आणि मधला भाग चिकट, ढिला. तिनं सवयीनं ती खिडकीच्या उजेडापुढे धरली, बोटानं जरा दाबली, आणि बोट आरपार गेलं.

"मी तशीच हुबी ऱ्हायले," आई मला म्हणाली. ते बोट काढून घ्यायचंही तिला सुचलं नाही. खाली अंगणात मुली रिंगण करून खेळत होत्या, त्यांचा आवाज येत होता, आणि हिला मरियाचा आवाज येत होता.

पाळी आली नाही. आईनं आधी स्वतःला समजावलं, उन्हानं पुढे गेली असेल. मग तिचं ते समजावणं संपलं. ती बंगल्याच्या पायऱ्यांवरून उड्या मारू लागली, पुष्पावतीनं आणलेली कच्ची पपई मिठाशिवाय खाऊ लागली. काढा प्याली आणि रात्रभर ओकली. काहीच झालं नाही. शेवटी पुष्पावतीनं दिल्ली दरवाज्याबाहेरच्या एका बाईचं नाव सांगितलं. ती 'मोकळं' करते म्हणे. आई एकटी गेली. गल्लीच्या तोंडाशी पोचली आणि थांबली. त्या बाईच्या दारात एक बैलगाडी सोडलेली होती, आणि गाडीत पेंढा पसरलेला होता. कुणाची गाडी, कशाला आलेली, देव जाणे. आई वळली आणि पळत सुटली. आगीतून निघून फुफाट्यात पडायचं तिच्यानं झालं नाही.

मग ती डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि कागदात गुंडाळलेली टोपी त्यांच्यापुढे ठेवली. बाईंनी ती बोटात धरून हुंगली. म्हणाल्या, तेल? हे कुणी सांगितलं? आईनं मोटेचं सांगितलं, भेगांचं सांगितलं, आजोबांचं बोलणंही सांगितलं. बाई हसल्या. वाईट बाई नव्हत्या त्या. लगेच ओशाळल्या, तेलानं रबर सडतं ते नीट समजावलं, आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्यांदा 'तेल नको' असं बजावू लागल्या म्हणे. आईची तपासणी करून, दिवस गेलेत, हे त्यांनीच पक्कं केलं, आणि शेवटचे महिने नगर सोडायचं नाही अशी ताकीदही दिली. पण आईनं ते हसणं कधी माफ केलं नाही. "मी मराया टेकलेली, अन् तिला हसू आलं," ती म्हणायची. मला विचाराल तर तिचं बरोबर होतं.

बाबांना सांगणं राहिलं होतं. मावशीच्या घरी शनिवारी संध्याकाळी तिनं आधी दिवस गेल्याचं सांगितलं. बाबांनी हात जोडून डोळे मिटले, आभार मानायला. ते डोळे उघडेपर्यंत आईनं त्यांच्यापुढे डबी ठेवलेली होती. मग तिनं सगळं सांगितलं, न थांबता, जमिनीकडे बघत.

बाबा रागावले. रागावणारच, संत नव्हते ते. डॉक्टरणीला नवऱ्याला ठाऊक आहे म्हणालीस, मग तेवढं खरं करायला काय झालं होतं, असं त्यांनी तिला चांगलंच सुनावलं. तिनं ऐकून घेतलं. मग ते डबी हातात घेऊन उलटीसुलटी करत राहिले. गेल्या वर्षी त्यांनी एकाएकी तपकीर सोडली होती. का, ते कुणाला कळलं नव्हतं. आपल्या अंगाचा वास बायकोला सोसत नाही म्हणून ती दूर होते, असं त्या भल्या माणसानं मनाशी धरलं होतं.

"तुला माझी भीती वाटायची?" त्यांनी विचारलं.

"तुमची न्हाई," आई म्हणाली. "मरियाची. तुमी आला की तुमच्या मागं ती यायची. मला धर म्हनायची."

बाबा रडले. आई म्हणाली, नवरा रडताना तिनं पहिल्यांदा पाहिला, आणि तिला त्याचीही भीती वाटली.

सोमवारी बाबा शाळा बुडवून थांबले आणि स्वतः हन्नाबाईंकडे गेले. सलाम करून म्हणाले, तुमचा नियम बंगल्याचा आहे, कॉलेजाचा नाही. दया आजपासून मावशीकडे राहील आणि तिथून कॉलेजला येईल. हन्नाबाईंनी बरंच ऐकवलं, पण ट्रंक उचलायला माणूस त्यांनीच दिला. आई पदर पुढे ओढून वर्गात पहिल्या बाकावर बसायला लागली. मुलं मागे कुजबुजायची. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. लाजेला जागा लागते, आणि तिची सगळी जागा भीतीनं घेतली होती. मी पोटात हलले की तिला घाम फुटायचा. इतर बायका त्या हलण्यावर हात ठेवून हसतात. ही पेन खाली ठेवायची आणि हलणं थांबायची वाट बघायची.

नाताळला आजोबा नगरला आले, तिला कोल्हारला बोलावलं नाही. येताना करंजाच्या तेलाची बाटली आणली, तिच्या पायांना चोळायला. मावशीनं ते तेल समोर धरलं तशी आई इतकी ओरडली की आजोबा घाबरून उभे राहिले. ते तेल घरातून बाहेर जाईपर्यंत ती शांत झाली नाही. आजोबांना बिचाऱ्यांना कधी कळलंच नाही का ते.

फेब्रुवारीत मी झाले, नगरच्या दवाखान्यात. सोपी नाही झाले. कळा सुरू झाल्यापासून आई खाटेची दांडी धरून होती आणि नर्सला एकच सांगत होती, "मला धरा, बाई. मी खाली चाललीय." नर्स म्हणायची, खाली कुठे, खाटेवर तर आहेस. बाहेर आजोबा आणि बाबा एका बाकावर बसले होते. शेवटी मी रडले ते ऐकून आजोबांनी विचारलं, "अन् दया?" आतून दयाही बरी असल्याचं कळेपर्यंत ते उठले नाहीत.

माझं नाव मरिया ठेवायचं मावशीच्या मनात होतं. आईनं ते नाव घरात घेऊ दिलं नाही. मी कुशीत असतानाच तिनं इंटरची परीक्षा दिली, तिसऱ्या वर्गात पास झाली, पुढे बी.ए.ही झाली. परीक्षेनंतर डॉक्टरीणबाईंकडे ती परत गेली, या खेपेला बाबांना बरोबर घेऊन. त्यानंतरच्या टोपीची निगा बाबांनी राखली. रविवारी दाढी झाली की धुवायचं, सावलीत ठेवायचं, पावडर लावायची, उजेडापुढे धरायची, आणि 'ठीक आहे' म्हणून आईला सांगायचं. संगमनेरचे मास्तर ख्रिस्ती मंडळीत कुणाला पटलं नसतं असं काम वर्षानुवर्षं करत होते. माझा भाऊ बराच मागून आला, बोलावून आणलेला.

हे सगळं आई मला पुण्याला हॉस्टेलच्या खोलीत सांगत होती. तोपर्यंत कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाची पोस्टरं रस्त्यावर लागली होती, आणि मला वाटत होतं मला सगळं येतं. मी ऐकत गेले, आणि मग मला राग आला. कशाचा, ते नीट सांगता येत नाही.

"म्हणजे मी तुला नको होते," मी म्हटलं.

दुसरी आई असती तर, वेडी का गं, म्हणाली असती. माझी आई मांडीवरच्या पिशवीचे बंद ओढत राहिली.

"नको हुतीस," ती म्हणाली. "लई भ्या वाटायचं तुजं. नर्सनं तुला म्होरं धरली, बघ म्हनली. मी आदी माजा हात बघितला, हालतोय का. मी हाय का, ते बघितलं. मंग तुला बघितलं."

विसाहून जास्त वर्षं झाली होती, मी वाढून तिच्यासमोर बसले होते, आणि तिची जीभ अजून कोल्हारला होती. मी तिचा तो हात हातात घेतला. दोन्ही हातांनी धरून ठेवला.